रेडिएटरचा पंखा घरी काढताय? आधी बॅटरी सोडवा

ट्रॅफिकमध्ये गाडीच्या तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो? मग संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या. आधी फ्यूज आणि रिले तपासा; दोष तिथेच असेल तर पंखा काढायची वेळच येणार नाही.

काढायचाच असेल, तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. चावी काढली तरी काही गाड्यांत पंखा अचानक फिरू लागतो आणि बोटे सापडतात. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवल्याशिवाय हात घालू नका. मग पंख्याचा प्लग काढा, चौकटीचे बोल्ट खोला. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा. रेडिएटरची बारीक जाळी सहज चेपते. पंखा चौकटीसह वर उचला.

परत बसवल्यावर पाती हाताने फिरवून पाहा, कुठे घासता कामा नये. बॅटरी जोडा, इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो.