घर घेताना उद्याचं गिऱ्हाईकही डोळ्यांसमोर ठेवा

‘घर पाहावं बांधून’ अशी म्हण आहे. पण बांधलेलं घर विकत घेताना त्याहून जास्त पाहावं लागतं, हे आम्हाला स्वतःच्या अनुभवानं कळलं.

आम्ही डहाणूत भाड्यानं राहत होतो. हे बोईसरला नोकरीला, मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. भाडं दरवर्षी वाढायचं. तेवढ्यात कैनाडमध्ये एक घर विकाऊ असल्याचं समजलं. पुढे ओटी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर आणि चिकूची चार झाडं. किंमत २२ लाख. पहिल्या भेटीतच मी मनातल्या मनात फळीवर बरण्या मांडून टाकल्या! यांचा प्रॉव्हिडंट फंड, थोडं कर्ज आणि माझ्या पाटल्या, एवढ्यात बसत होतं. इसार द्यायचा दिवसही ठरला. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “अगं, पावसाळ्यात एकदा बघून या. उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात.”

त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो.

जुलैत गेलो तर गल्लीत घोट्याच्या वर पाणी. रिक्षा नाक्यावरच थांबली. शेजारच्या काकूंनी चहाला बोलावलं आणि बोलता बोलता सांगितलं, की मे महिन्यात विहिरीत खडखडाट असतो. घरात गेलो, तर वाऱ्यानं भिंतीवरचं मोठं कॅलेंडर हललं आणि मागची भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली, तिरकी, छतापर्यंत गेलेली.

भेग कोणती, ते ओळखा

आमच्या डहाणू-तलासरी भागात भेगेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून इथे भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरात लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. तेव्हापासून इथल्या आयांचा एक कान रात्रीही भांड्यांच्या मांडणीकडे असतो.

गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात, त्यांचं फारसं भय नाही. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाणं आत जाईल एवढी रुंद किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग असेल, तर आधी इंजिनियरला दाखवा. घर कॉलम-बीमचं आहे का, की नुसत्या विटांच्या भिंतींवर छत ठेवलंय, हे विचारा. दाराखिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारी सिमेंट-सळईची सलग पट्टी आहे का, तेही बघा. आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्याचं कारण जरूर विचारा.

सातबारा वाचायला शिका

भेगेपेक्षा मोठा धक्का पुढेच होता. सातबारा काढला, तर जमीन आदिवासी खातेदाराच्या नावावर. घरमालकानं ती काही वर्षांपूर्वी नोटरीच्या कागदावर ‘घेतली’ होती, आणि तोच कागद तो आम्हाला देणार होता!

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिलाही राज्य सरकारची आधी मान्यता हवी. त्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. कायदा योग्यच आहे. कर्जापायी आणि कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापायी इथल्या वारली कुटुंबांच्या किती जमिनी गेल्या, ते या भागाला ठाऊक आहे. पण आपण अशा घरात २२ लाख घातले, तर आपल्या हाती काय राहणार? जे कायद्यानं घेता येत नाही, ते उद्या विकता तरी कसं येणार?

म्हणून सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी हे चारही कागद बघा. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. त्याची फी जड वाटते, पण पाटल्या गमावण्यापेक्षा ती स्वस्त.

तांदूळ निवडतो तसे दोष निवडा

निर्दोष घर कुणालाच मिळत नाही. मी वहीत तीन रकाने केले. पहिला, पैशानं दुरुस्त होणारे दोष: गळकं छत, जुनी वायरिंग, मोडकी मोरी. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज घ्यायचा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागायची. दुसरा, सोसता येणारे: अंधारं स्वयंपाकघर, रस्त्याचा आवाज. तिसरा, कशानंही न सुटणारे: सखल जागा, उन्हाळ्यात पाणी नाही, कागद खोटे. तिसऱ्या रकान्यात एक जरी ओळ आली, तरी घर सोडून द्यायचं. त्या घरानं तीन ओळी भरल्या होत्या.

पुन्हा विकायचं झालं तर?

“आपल्याला कुठे विकायचंय?” असं आपण म्हणतो. पण बदली होते, आजारपण येतं, मुलं लांब जातात. तेव्हा गिऱ्हाईक कोण असेल? आमच्याकडे शिक्षक, नर्स, रेल्वेतले लोक. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येतात, त्यामुळे मुंबईकडे नोकरीला जाणारेही विचारतात. त्यांना बारमाही पाणी, दारापर्यंत वाहन आणि बँक कर्ज देईल असे कागद लागतात. बँकेच्या कर्जाला नकार मिळाला, तर समजा पुढच्या गिऱ्हाइकालाही तो मिळणार.

दलाल मात्र वाढवण बंदराचं नाव घेऊन ‘भाव दुप्पट होणार’ म्हणतात. बंदराला केंद्रानं २०२४ मध्ये मंजुरी दिली हे खरं. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे आणि उद्योगांवर, जमिनीच्या वापरावर इथे बंधनं आहेत. उद्याच्या भावावर आजचे दागिने लावू नका. शिवाय मुद्रांक, नोंदणी आणि दलालीचे पैसे परत मिळत नाहीत. दोन-तीन वर्षांत हलायचं असेल, तर भाड्याचंच घर बरं.

आणखी एक. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आधी पंधरा वर्षं ते पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली. २२ लाखांवर २२ हजार वाचतात, आणि दारावरची पाटी आपली होते!

शेवटी आम्ही कैनाडमध्येच दुसरं घर घेतलं. रस्त्यालगत, स्वयंपाकघर अंधारं, चिकूचं झाड एकही नाही. पण जागा उंचावर, जमीन बिनशेती, मे महिन्यातही नळाला पाणी. मोरीच्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. स्वयंपाकघराच्या छतात एक काच बसवली, आता सकाळी पोळ्या लाटताना पोळपाटावर ऊन येतं. पाटल्या मात्र मोडाव्या लागल्याच. सासूबाई म्हणाल्या, “हात मोकळे दिसतात ग.” मी म्हटलं, “दिसू देत. झोप तर शांत लागते.”