रुजुवात

जिल्ह्याच्या गावातील एका विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा कारभार मजकडे होता त्या काळी, म्हणजे 1980 च्या आगेमागे, परदेशी नियतकालिकातील एखादा शोधनिबंध वाचावयाचा तर तो लेखकाकडेच मागावा लागे. फिलाडेल्फियाहून निघणारे ‘करंट कंटेंट्स’ हे साप्ताहिक, ज्यात नाना नियतकालिकांच्या अनुक्रमणिका तेवढ्या छापलेल्या असत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन चाळावयाचे, त्याच्या मागील पानांवरून लेखकाचा पत्ता उतरून घ्यावयाचा, आणि ज्यावर निबंधाचे नाव, खंड व पृष्ठ एवढाच मजकूर हाताने भरावयाचा असे, ते छापील कार्ड प्राध्यापकांच्या सहीनिशी टपालात टाकून बारनिशीत त्याची जावक नोंद करावयाची. दीड-दोन महिन्यांनी तपकिरी लिफाफ्यातून निबंधाची सुटी प्रत येई, कधी तिच्या माथ्यावर लेखकाने शाईने दोन सदिच्छांचे शब्द लिहिलेले असत. आणि पुष्कळदा काहीच येत नसे. बारनिशीतील ज्या नोंदींसमोरचा आवकेचा रकाना अखेरपर्यंत कोरा राहिला, त्या मला अजून सलतात, कारण त्यांतील प्रत्येक नोंदीमागे कोणा एकाचा खोळंबलेला प्रयोग होता.

ही याचना पुढे बरीचशी सरली. 1991 मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्राच्या पूर्वप्रतींचे खुले भांडार सुरू केले. डिसेंबर 2001 मधील बुडापेस्टच्या बैठकीतून फेब्रुवारी 2002 मध्ये मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा निघाला. मात्र वाचकाचे शुल्क माफ झाले तेथे पुष्कळ ठिकाणी ते लेखकाच्या माथी बसले, आणि ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने 2021 पासून एका निबंधाच्या मुक्त प्रकाशनासाठी 9,500 युरो एवढा आकार ठरविला, हा मला उघड अन्याय वाटतो.

परंतु वाचावयास मिळणे निराळे आणि पडताळून पाहावयास मिळणे निराळे. जुन्या दप्तरात एका कागदावरील नोंद मूळ कागदाशी ताडून पाहण्यास रुजुवात म्हणत, आणि शास्त्रीय निबंधाची रुजुवात म्हणजे काय ते मी प्रत्यक्ष पाहिले ते गेल्या वर्षी, पुण्यात, माझ्या महाविद्यालयातील एका जुन्या विद्यार्थिनीच्या टेबलाशी बसून. हवेतील सूक्ष्म कण ती मोजते. वजन केलेल्या गाळणपत्रातून पंपाने चोवीस तास हवा ओढावयाची, ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ते पत्र पुन्हा तोलावयाचे, आणि वाढलेल्या वजनास ओढलेल्या हवेच्या घनमीटरांनी भागावयाचे. शिवाय अधूनमधून एक कोरे गाळणपत्र त्याच जागी नेऊन, हवा न ओढता परत आणून तोलावयाचे, म्हणजे हाताळणीनेच किती वजन चढते ते कळते.

तिने निबंध पाठविला होता तो ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या नियतकालिकाकडे. युरोपातील भूशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2001 मध्ये निघालेल्या या नियतकालिकाची रीत अशी, की संपादकाने प्राथमिक तपासणी केली की मसुदा सर्वांसमोर ठेवावयाचा, परीक्षकांचे अभिप्राय, मग ते सनाव असोत वा निनावी, तेथेच प्रसिद्ध करावयाचे, अन्य कोणाही शास्त्रज्ञास आपल्या नावाने शंका विचारू द्यावयाची, आणि लेखकाचे उत्तरही त्याच ठिकाणी छापावयाचे. निबंध पुढे स्वीकारला जावो अथवा न जावो, हे सारे कायम दप्तरी राहते.

एका परीक्षकाने विचारले होते : ऑगस्टमधील दोन दिवस सरासरीतून का गाळले? तिने कपाटातून रोजकीर्द काढली. त्या दोन्ही रात्री वीज गेली होती, पंप थांबला होता, आणि नेमकी किती हवा ओढली गेली ते सांगता येण्याजोगे नव्हते. हे सर्व तिने त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, निबंधात मात्र घातले नव्हते.

“सर, कारण लिहिते. पण ते आकडेही देऊ का? ते चुकीचे आहेत.”

मी ग्रंथपाल, मी काय सांगणार! थोडा वेळ ती गप्प बसली, आणि मग तिने मोजणी चाललेल्या तिन्ही महिन्यांची मूळ वजने, कोऱ्या पत्रांच्या वजनांसह, रोजच्या रोज भरलेल्या तक्त्यात मांडून खुल्या भांडारात ठेवली, त्या दोन ओळींना खूण करून कारण नोंदविले, आणि त्या धरून व वगळून अशा दोन्ही सरासऱ्या उत्तरात दिल्या.

मला त्या वेळी भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण झाली. संपादक सुखठणकरांनी 1933 मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या प्रतीत वर निवडलेला पाठ आहे आणि खाली, बारीक टायपात, न निवडलेले पाठभेद कोणत्या हस्तलिखितातले ते सांगून दिले आहेत. संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास तो फिरविण्याची सामग्री संपादकानेच त्याच पानावर दिली आहे. एवढा विश्वास वाचकावर टाकण्यास मोठे मन लागते, आणि ते तिच्याजवळ आहे हे पाहून मला भरून आले.

निबंध स्वीकारला गेल्याचे तिने कळविले तेव्हा मी घरी होतो. कोणाची परवानगी न घेता, कोणास कार्ड न पाठविता तक्ता उघडला, वही घेतली, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून वजाबाकी, मग भागाकार, अशा ओळी ताडीत बसलो. त्या रात्री सव्वीस तारखेपर्यंत आलो. उरलेल्या सकाळी घेतल्या.