रक्ताचं किती, परिस्थितीचं किती

फ्रान्सिस गाल्टनने १८७४ साली निसर्ग आणि संगोपन यांना समोरासमोर उभं केलं आणि पुढची कित्येक दशकं शास्त्रज्ञ दोघांचा वाटा मोजत बसले. अशी वाटणी सरसकट करता येत नाही, याचा पुरावा खरं तर लवकरच हाती आला होता. जर्मनीत रिखार्ड वोल्टेरेकने १९०९ मध्ये निरनिराळ्या तळ्यांतले डॅफ्निया हे इवलेसे जीव कमी-अधिक खुराकावर वाढवले. एका खुराकावर दोन वाणांच्या डोक्याच्या उंचीत दिसणारा ठळक फरक दुसऱ्या खुराकावर जवळजवळ पुसला जाई. वारशाने मिळणारं आणि प्रत्यक्ष दिसणारं यांत फरक करणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञ योहान्सनच्या नव्या आनुवंशिक सिद्धान्ताला आपण सुरुंग लावला, असं वोल्टेरेकला वाटलं. योहान्सनने मात्र तो शोध शांतपणे आपल्याच सिद्धान्तात बसवून घेतला!

खरी जुंपली ती १९३३ साली, इंग्लंडमध्ये. जीवशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेनने फळमाशीच्या दोन वाणांचे आकडे मांडले. डोळ्यातल्या भिंगांच्या संख्येत थंडीत दोघांमध्ये मोठा फरक दिसे, उबेत तो आकसे. मग या फरकातला आनुवंशिकतेचा वाटा किती? कुठल्या तापमानाला, ते आधी सांगा, असं हॉगबेनचं म्हणणं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरला हा गुंता क्वचितच उद्भवणारा आणि बाजूला सारण्याजोगा वाटला. वाद निव्वळ गणिताचा नव्हता. फिशर सुप्रजननवादाचा खंदा पुरस्कर्ता होता, हॉगबेन त्याचा कडवा विरोधक. संख्याशास्त्रात फिशरचा दबदबा एवढा, की हॉगबेनचा प्रश्न मागे पडला. मला तो आजही बिनतोड वाटतो.

हॉगबेनच्या म्हणण्याचं बोलकं उदाहरण वैद्यकातून आलं. फेनिलकीटोन्यूरिया हा एकाच जनुकातल्या दोषाने होणारा आजार १९३४ मध्ये नॉर्वेत आस्बयोर्न फोलिंगने ओळखला. बाळाची बुद्धी खुंटणार, हे जणू ठरलेलंच. पण १९५०च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये अशा एका मुलीला, या आजारात शरीराला न पचणारं प्रथिनांतलं फेनिलअॅलनिन कमी असलेला आहार देऊन पाहिला आणि तिच्यात सुधारणा दिसली. जन्मल्यापासून असा आहार मिळालेली मुलं पुढे बहुतांशी सर्वसाधारण वाढू लागली. दोष जनुकात, इलाज ताटात.

तरीही १९६९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सनने बुद्ध्यंकाच्या आनुवंशिकतेचे आकडे पुढे करून वंशभेदाची चर्चा पेटवली. परिस्थिती बदलली की हा वाटाही बदलतो, हे दाखवून जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने १९७४ मध्ये त्या हिशेबाचं पितळ उघडं पाडलं.

जनुक आणि परिस्थिती यांचा असा मेळ नेमका हुडकणं मात्र सोपं नाही. पुढे २००३ साली न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या अभ्यासात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एक जनुक आणि आयुष्यातले आघात मिळून नैराश्य ओढवतं, असं दिसलं. शोध गाजला. २०१९ मध्ये कितीतरी मोठ्या नमुन्यावर तो पडताळला, तेव्हा टिकला नाही. नैराश्यामागे शेकडो जनुकं असतात आणि एकेकाचा वाटा नगण्य.