गॅसची गोळी

गुरुवार आहे. शेगाव स्टेशनाबाहेरच्या मेडिकलच्या काउंटरला मी टेकून उभा आहे. रस्ता दर्शनाला आलेल्यांनी भरलाय. चार पावलांवर कढईतून कचोऱ्या निघताहेत, सोबत तळलेली हिरवी मिरची.

"भाऊ, ते गॅसची गोळी द्या बरं. कचोरी वर येऊन राह्यली," धोतरातले आजोबा छाती चोळत म्हणतात.

"काय खाल्लं, बाबा?"

"दोन कचोऱ्या. वरून चहा."

दुकानदार पॅन्टोप्राझोलची पट्टी उचलतच नाही. गुलाबी अँटासिडची बाटली पुढे करतो. "हे दोन चमचे घ्या आता. ते गोळी सकाळी उपाशीपोटी, खायच्या अर्धा तास आधी घ्या लागते."

अगदी बरोबर. बाटलीतलं औषध पोटात असलेलं आम्ल तिथल्या तिथे मारतं. गोळीचं काम वेगळं: ती जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते. हे पंप खाण्याने चालू होतात, म्हणून गोळी त्याआधीच रक्तात पोचलेली हवी. आपल्याकडे मात्र जेवण अंगावर आलं की गोळी आठवते.

मागचा तरुण पॅन-डीची अख्खी पट्टी मागतो. "चिठ्ठी?" "रोजच घेतो ना." त्यातला 'डी' म्हणजे डॉमपेरिडोन, काहींच्या हृदयाचे ठोके बिघडवणारं औषध; रोज मनानं घ्यायची वस्तू नव्हे. तरुण तणतणत निघून जातो.

एका बाईच्या खांद्यावर पोर मलूल पडलंय. बोथ्याच्या घाटात दोनदा ओकलं म्हणे. प्रवासातल्या उलटीची गोळी गाडीत बसण्याआधी द्यायची असते, आणि लहान पोराला तर डॉक्टरांना विचारूनच. दुकानदार ओआरएसची पुडी देतो. "लिटरभर पाण्यात अख्खी टाका, ताई. चमच्या-चमच्यानं पाजा."

तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ. "इनो द्या, लवकर." कपाळावर घाम, उजवा हात डाव्या खांद्यावर. दुकानदार काढलेली पुडी परत ठेवतो.

"हात दुखून राह्यला काय?"

"जड वाटते. गॅस चढला असंन."

तो काउंटर सोडून रस्त्यावर येतो, ऑटो थांबवतो. "यायले उपजिल्हा रुग्णालयात ने. आधी ईसीजी काढा म्हणा." बायको पिशवी सावरत मागे बसते. ऑटो गर्दीत हॉर्न वाजवत निघतो.

छातीतली जळजळ हातात, जबड्यात उतरत असेल, घाम फुटत असेल, तर मेडिकलची पायरी चढू नका. थेट दवाखाना गाठा.