उपाशीपोटी २८०

मागच्या पावसाळ्यात मामांना फ्लू झाला. तोंडाला चव नाही, दोन दिवस पोटात पेजेशिवाय काही नाही. मामींनी सरळ हिशेब केला: खाणंच नाही, तर इन्सुलिन कशाला? पेन फ्रिजमध्येच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट टोचून बघितलं, तर आकडा २८०. ‘मशीन बिघडलंय,’ मामा म्हणाले. दुसरी पट्टी लावली. २८६.

मशीन धडधाकट होतं. ताप आला की कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं वाढतात. ती यकृताला साखर रक्तात ओतायला लावतात आणि इन्सुलिनचा जोरही कमी करतात. ताटातून साखर आली नाही तरी घरातलं कोठार उघडतंच. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं, मधुमेह्याचं नेत नाही. म्हणून तापात इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नसतं. कधी कधी तर डोस वाढवावा लागतो. गोळ्यांचं मात्र वेगळं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या डॉक्टर काही दिवस थांबवायला सांगतात. ग्लिफ्लोझिनवर असताना साखर फारशी न चढताही रक्तात कीटोन साचू शकतात. कुठली गोळी चालू, कुठली बंद, हे धडधाकट असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. १०२ तापात कोणाला आठवतंय!

चढलेली साखर पांढऱ्या पेशींनाही सुस्त करते. मग फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनियाला वाट मोकळी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर निघाली, हे इथं आठवावं. फ्लूची लस अशांना कितपत वाचवते हे बघायला डेन्मार्कमध्ये २००७ ते २०१६ या काळातल्या सुमारे २ लाख ४१ हजार मधुमेहींच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्यांमध्ये त्या हंगामात मृत्यूचा धोका १७ टक्के कमी दिसला. अर्थात, लस घेणारा माणूस पथ्यपाणीही जरा जास्तच सांभाळतो. त्यामुळे सगळं श्रेय लसीला देता येत नाही.

लस घ्यायला मामांचा आक्षेप निराळाच होता. ‘गोवराची लस लहानपणी घेतली की झालं. ही दरवर्षी कसली?’

याचं उत्तर विषाणूच्या अंगावरच्या काट्यांत आहे. हिमॅग्लुटिनिन नावाच्या या प्रथिनाच्या टोकाने तो आपल्या पेशीला चिकटतो, आणि हे टोक सतत थोडंथोडं बदलत राहतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. लस बाजारात यायला सहाएक महिने लागतात, कारण बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यात वाढते. आत पिल्लू धरलेलं नऊ ते अकरा दिवसांचं अंडं घ्यायचं, कवचाला बारीक भोक पाडून विषाणू टोचायचा, दोन-तीन दिवस उबवून आतला द्रव काढायचा. एका विषाणूच्या एका डोसला ढोबळमानानं एक अंडं. गेल्या शतकाच्या मध्यापासून ही रीत फारशी बदललेली नाही.

गंमत अशी, की कोंबडीच्या पेशीवरची विषाणूला धरायला जागा आपल्या पेशीवरच्यापेक्षा जराशी वेगळी असते. अंड्यात रुळता रुळता विषाणू तिच्याजोगा होतो आणि माणसाच्या ओळखीचा थोडा कमी राहतो. एच३एन२ हा प्रकार यात विशेष वस्ताद. पेशींमध्ये वाढवलेल्या किंवा अंड्याविना थेट प्रथिन बनवून केलेल्या लसी निघाल्या त्या यावर उपाय म्हणूनही; पण त्या महाग. निवड जुळली त्या वर्षी लस आजारपण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये एच३एन२ हुकला आणि हा आकडा २० टक्क्यांच्याही खाली गेला. मामांना मी हे लपवलं नाही. पण लस घेऊनही फ्लू झाला, तरी बहुधा तो इस्पितळापर्यंत नेत नाही.

आपल्याकडे खरी चूक होते ती वेळेची. अमेरिकेतलं वेळापत्रक बघून लोक ऑक्टोबरमध्ये लस शोधतात. काश्मीरात फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथं ते चालतं. महाराष्ट्रात मोठी लाट जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात असते. लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, तेव्हा ती मे महिन्यात, फार तर जूनच्या सुरुवातीला घ्यायला हवी.

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात मामांना घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून खोक्यावरचं साल दोनदा वाचलं, मगच बाही वर केली. रात्री दंड दुखतोय म्हणाले. सकाळची साखर १२८.