घरी लावलेला खिजाब बिघडला तर... सलूनचालक व दुकानदार बंधूंसाठी काही सूचना

रमजान ईद जवळ आली किंवा घरात निकाहची तारीख ठरली की केस रंगविण्याच्या पाकिटांची विक्री वाढते, हे प्रत्येक कटलरी व किराणा दुकानदार जाणतो. त्यानंतर दोन-चार दिवसांतच यांपैकी काही ग्राहक टोपी किंवा ओढणीखाली केस झाकून सलूनच्या आणि पार्लरच्या दारात येतात. कोणाची दाढी गाजरासारखी केशरी झालेली असते, कोणाचे केस शाईसारखे काळे, तर कोणाच्या कपाळावर आणि कानांवर डाग पडलेले असतात. प्रत्येकाची मागणी मात्र एकच असते : "काहीही करा, पण आजच्या आज ठीक करा."

या मागणीला लगेच "हो" म्हणणे हीच या कामातील सर्वांत मोठी जोखीम होय. बहुतेक वेळा केसांचे खरे नुकसान घरच्या पहिल्या लेपाने होत नाही. त्यावर घाईने चढविलेल्या दुसऱ्या लेपाने होते. म्हणूनच बिघडलेला रंग दुरुस्त करणे हे केस रंगविण्यापेक्षा वेगळे काम आहे, हे आपल्या कारागीर बंधूंनी व पार्लर चालविणाऱ्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. हे काम नीट शिकून घेतले तर त्यात प्रतिष्ठाही आहे आणि चार पैसेही आहेत.

रंग केसात बसतो कसा?

बाजारात "मेहंदी" या एकाच नावाखाली अगदी भिन्न पदार्थ विकले जातात. शुद्ध मेहंदी म्हणजे वाळवलेल्या पानांची पूड. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत हे तिचे प्रसिद्ध केंद्र असून सोजत मेहंदीला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या पानांतील रंगद्रव्य केसांतील केराटिनला चिकटते आणि केशरी ते तांबडा रंग देते. शुद्ध मेहंदीने पांढरा केस कधीही काळा होत नाही. "काळी मेहंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा पॅराफेनिलीनडायमाइन, म्हणजेच पीपीडी, हे रसायन मिसळलेले असते.

ट्यूबमधील पक्क्या रंगाचे काम निराळे आहे. त्यातील अमोनियासारखा पदार्थ केसाचे वरचे आवरण सैल करतो. मग डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन रंगाचे बारीक कण एकमेकांना जोडते. जोडलेले कण मोठे होतात आणि आतच अडकून राहतात. डेव्हलपरच्या बाटलीवरील 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के, 20 म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9 टक्के आणि 40 म्हणजे 12 टक्के पेरॉक्साइड. पांढरे केस झाकण्यासाठी साधारणपणे 20 व्हॉल्यूम पुरते. "जास्त जोरदार म्हणजे जास्त चांगले" असे समजून 40 ची बाटली टाळूवर वापरली की त्वचा भाजते.

यावरून एक नियम पाठ करून ठेवावा : रंगाने रंग उतरत नाही. काळ्यावर तपकिरी ट्यूब लावली तर केस तपकिरी होत नाहीत, उलट अधिक गडद आणि कोरडे होतात.

आधी चौकशी, मग चाचणी

ग्राहकाला खुर्चीवर बसविल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. काय लावले व त्याचे पाकीट आहे का? केव्हा लावले आणि किती वेळ ठेवले? गेल्या सहा महिन्यांत मेहंदी, काळी मेहंदी, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केले होते का? आता खाज, जळजळ वा सूज आहे का? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, पुढच्या वेळी ती कामी येतात.

पाकीट मिळाले नाही, किंवा पुडीत धातूचे क्षार असल्याचा संशय आला, तर आधी चाचणी घ्यावी. काही मिश्र पुड्यांत व हळूहळू रंग चढविणाऱ्या द्रवांत असे क्षार असतात. मागच्या बाजूचे वीस-पंचवीस केस कापून काचेच्या वाटीत ठेवावेत. त्यावर सुमारे 30 मिलिलिटर 6 टक्के पेरॉक्साइड व वीस थेंब अमोनिया घालून अर्धा तास लक्ष ठेवावे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, वाटीवर झाकण ठेवू नये. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, घाण वास सुटला, केसांनी एकदम रंग बदलला किंवा ते तुटू लागले, तर अशा डोक्यावर ब्लीच अथवा पेरॉक्साइडचा कोणताही रंग लावू नये. वाटीत जे घडले तेच टाळूवर घडेल.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. निरोगी केस थोडा ताणून पूर्ववत होतो. तो रबरासारखा लांबत गेला आणि परत आला नाही, किंवा तुटला, तर रसायनांचे काम तेथेच थांबवावे. अशा वेळी तेल, कंडिशनर आणि कात्री हाच उपाय.

कोणत्या बिघाडावर काय करावे?

त्वचेवरील डाग : खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून दहा मिनिटे थांबावे व मऊ कापडाने पुसावे. डाग ताजा असेल तर लवकर निघतो, उरलेला काही दिवसांत आपोआप जातो. रॉकेल, थिनर किंवा ब्लीचिंग पावडर कदापि वापरू नये.

मेहंदी फार केशरी झाली : प्रथम दोन-तीन दिवस थांबण्यास सांगावे. मेहंदीचा रंग हवेने आपोआप गडद होत जातो, पहिल्या दिवशीचा रंग हा शेवटचा रंग नसतो. तरीही नको असेल तर त्यावर निळीच्या पानांची पूड, म्हणजे वस्मा, लावावी. ती साध्या कोमट पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटांत वापरावी. मेहंदीसारखी रात्रभर भिजवली तर तिचा जोर जातो, आणि तिच्यात लिंबूही पिळू नये. थोडा वेळ ठेवल्यास तपकिरी छटा येते, तासभर ठेवल्यास जवळजवळ काळी. पुडीच्या पाकिटावर नीळ सोडून दुसरा घटक नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

येथे एक गोष्ट नमूद करणे योग्य ठरेल. शुद्ध काळ्या खिजाबाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि अनेक ग्राहक तो टाळतात. ह. अबू बकर (रजि.) मेहंदी व कतम यांचा खिजाब लावीत, असे हदीसमध्ये आले आहे. कतम आपल्या बाजारात सहसा मिळत नाही, त्या जागी वस्मा वापरतात. मेहंदी व वस्मा मिळून येणारा तपकिरी रंग वयाला शोभतो आणि पुढच्या वेळी मुळांशी वाढलेले पांढरे केसही एकदम डोळ्यांत भरत नाहीत.

केस फार काळे झाले : ट्यूबचा रंग असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कोंड्याच्या शाम्पूने रोज धुतल्यास थोडा उतार पडतो. डोके धुण्याआधी कोमट तेल लावून तासभर ठेवावे. त्याहून अधिक उतार हवा असेल तर कलर रिमूव्हर मिळतो. तो आतील मोठे कण पुन्हा बारीक करतो. त्यानंतर केस भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे लागतात, नाहीतर उरलेले कण जुळून केस पुन्हा काळे होतात. मेहंदी व निळीवर मात्र हा उपाय चालत नाही. पुरुषांच्या आखूड केसांत सर्वांत स्वस्त उपाय कात्रीचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दोन-तीन कटिंगमध्ये बराचसा रंग निघून जातो.

डाग-डाग रंग बसला : पूर्ण डोक्यावर पुन्हा लेप चढवू नये. ज्या बटा पांढऱ्या राहिल्या आहेत, तेवढ्यावरच ब्रशने त्याच छटेचा रंग लावावा.

ब्लीचनंतर केस केशरी किंवा पिवळे झाले : येथे रंगांचे चक्र कामी येते. निळा केशरीला मारतो, जांभळा पिवळ्याला आणि हिरवा लालला. म्हणून केशरी केसांवर निळसर "अ‍ॅश" छटा, तीही 10 व्हॉल्यूमबरोबर, एका बटेवर पाहून मगच सर्वत्र लावावी. निळीवर ब्लीच केल्यास केस हिरवट होण्याचा धोका असतो, तो प्रयोग करूच नये.

खाज व सूज : येथे आपले काम संपते

पीपीडीची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी असते. आजवर दहा वेळा लावून काही झाले नाही, म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असे नसते. टाळू खाजणे, पाणी सुटणे, पापण्या व चेहरा सुजणे ही लक्षणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत दिसतात. असा ग्राहक आल्यास रंग भरपूर पाण्याने धुवून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे. एकदा अशी अ‍ॅलर्जी झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. त्यामुळे अशा व्यक्तीने काळी मेहंदी व पीपीडीचा रंग पुन्हा वापरू नये, हातावरची काळी नक्षीसुद्धा काढू नये.

आपल्या देशातील नियमांप्रमाणे अशा रंगांच्या वेष्टणावर इशारा व चाचणीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावी लागते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 24 तास पाहावे, आणि हे प्रत्येक वेळी करावे, अशी ती सूचना असते. भुवया व पापण्यांना हा रंग लावू नये, अंधत्व येऊ शकते, असेही त्यावर लिहिलेले असते. दाढी रंगविताना "जरा भुवयांनाही लावा" म्हणणाऱ्या ग्राहकाला हा मजकूर दाखवावा.

दुकानदाराची अमानत

बिघाड पुष्कळदा दुकानाच्या काउंटरवरच सुरू होतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरातून किंवा जवळच्या घाऊक बाजारातून माल उचलताना उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि वापराची मुदत पाहूनच घ्यावा. विना-लेबल सुटी काळी मेहंदी स्वस्त पडते, पण तिच्यात काय आहे हे ना दुकानदाराला ठाऊक असते, ना ग्राहकाला. रसायन मिसळलेली पुडी "शुद्ध मेहंदी" म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वर काढला आणि व्यापाऱ्याला जाब विचारला, ही हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. पुडीच्या आत काय आहे ते ग्राहकाला सांगणे, हा त्याच शिकवणीचा भाग होय. पाकिटासोबत हातमोजे व पेट्रोलियम जेली ठेवली तर विक्रीही वाढते आणि तक्रारीही घटतात.

मोबदला आधी ठरवावा

दुरुस्तीच्या कामाला नेहमीच्या रंगाचा दर लावू नये. चौकशी, चाचणी व दोन-तीन बैठकांचा वेळ यांचा खर्च आधीच सांगावा. "एका बैठकीत पूर्ववत करतो" अशी हमी देऊ नये. चाचणीत धोका दिसला तर काम नाकारावे आणि त्याचे कारण ग्राहकाला समजावून सांगावे. ईदच्या आदल्या रात्री गर्दीत एक गिऱ्हाईक परत पाठविणे जिवावर येते, हे खरे. परंतु त्याच रात्री कोणाचे केस तुटले किंवा डोळे सुजले, तर मोहल्ल्यात वर्षानुवर्षे कमावलेले नाव एका दिवसात जाते. केस पुन्हा उगवतील, गेलेला विश्वास मात्र सहजी परतत नाही. कारागिराने आपले ज्ञान वाढविले आणि दुकानदाराने खरे बोलून माल विकला, तर याच धंद्यात अल्लाह बरकत देईल, इन्शाअल्लाह.