घड्याळाशी शर्यत

सायकलशर्यत म्हटली की मराठी वाचकाला मुंबई-पुणे शर्यत आठवते: एकदम सुटणारा स्पर्धकांचा जथा, बोरघाटाची चढण आणि माथा सर्वांत आधी गाठणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब. इंग्लंडमधील हौशी सायकल क्लबांत विसाव्या शतकात सर्वांत खोल रुजलेला प्रकार मात्र याहून अगदी वेगळा आहे. ‘टाइम ट्रायल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत प्रत्येक जण एकेका मिनिटाच्या अंतराने एकटा सुटतो, ठरलेले अंतर कापतो आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकतो. वाटेत पुढच्याला गाठले, तरी त्याच्या आडोशाने वारा चुकवणे नियमाविरुद्ध असते. अंतरे आजही मैलांतच मोजली जातात, १०, २५, ५०, १०० अशी, आणि त्यांपलीकडे बारा तासांत किंवा चोवीस तासांत जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या स्पर्धा असतात. या खेळाची कीर्ती उन्हाळ्यातील विक्रमांमुळे झाली असली, तरी त्याचा स्वभाव हंगामाच्या आरंभी, फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात भरणाऱ्या क्लबांच्या स्पर्धांत अधिक स्वच्छ दिसतो.

या प्रकाराचा जन्म बंदीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचे रस्ते घोडागाड्यांचे होते, सायकलस्वारांकडे पोलीस आणि सरंजामदार दोघेही संशयाने पाहत होते, आणि सायकलींवरच रस्तेबंदी येईल या भीतीने ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ या नियामक संस्थेने १८९० च्या सुमारास सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींकडे पाठ फिरवली. तरीही काही क्लब शर्यती भरवत राहिले. जुलै १८९४ मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर नॉर्थ रोड सायकलिंग क्लबच्या ५० मैलांच्या शर्यतीत एका महिलेच्या गाडीचा घोडा बिथरला, काही स्पर्धक पडले आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. पडलेल्यांपैकी एक होते फ्रेडरिक टॉमस बिडलेक. स्पर्धक एकत्र धावले नाहीत तर पाहणाऱ्याला शर्यत दिसणारच नाही, हा त्यांचा विचार साधा होता, आणि ऑक्टोबर १८९५ मध्ये त्याच क्लबने त्यानुसार ५० मैलांची स्पर्धा भरवली. पुढे १९२२ मध्ये या स्पर्धांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९३७ मध्ये त्याला ‘रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल’ हे नाव मिळाले.

लोकांच्या नजरेत न येणे ही कित्येक दशके या खेळाची पहिली अट राहिली. स्पर्धा रविवारी भल्या पहाटे होत, स्पर्धक गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा पोशाख घालत, सायकलीला घंटी असावी लागे, सुटण्याच्या क्रमाच्या यादीवर ‘खासगी व गोपनीय’ असे छापलेले असे आणि वृत्तपत्रांना आधी सुगावा लागू दिला जात नसे. मार्गांना गावांची नावे देण्याऐवजी सांकेतिक क्रमांक दिले गेले, ज्यांतील अक्षर जिल्हा दाखवते. ‘ई ७२’, ‘व्ही ७१८’ असे क्रमांक आजच्या क्लबसदस्यांच्याही बोलण्यात रोज असतात. या गुप्ततेने एक मोल वसूल केले, ते म्हणजे प्रेक्षक गेला. पण त्याच गुप्ततेमुळे हा खेळ खेळाडूंनी स्वतःसाठी चालवलेला राहिला, आणि त्याचे हे घरगुती रूप ही एक मोठी जमेची बाजू मानायला हवी.

हंगामाच्या आरंभीच्या स्पर्धांत हे रूप टिकून आहे. सपाट, रुंद महामार्गांवरील वेगवान मार्ग या दिवसांत फारसे उपयोगाचे नसतात, आणि त्याचे कारण केवळ पायांचा आखडलेपणा नव्हे. सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा दूर सारण्यात खर्च होते, त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि ५ अंश तापमानाची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के अधिक घन असते. म्हणून मार्चमध्ये तेवढाच जोर लावूनही ऑगस्टइतका वेग मिळत नाही. ॲल्फ एंगर्स यांनी २५ मैल प्रथमच ५० मिनिटांच्या आत, म्हणजे ४९ मिनिटे २४ सेकंदांत, पूर्ण केले ते ऑगस्ट १९७८ मध्येच. त्यामुळे वसंताच्या तोंडावर क्लब चढ-उतारांचे, वळणावळणांचे मार्ग निवडतात, ज्यांवर घड्याळातील आकड्याची जुन्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नसतो आणि त्या दिवशी त्या रस्त्यावर कोण सरस ठरला एवढेच पाहिले जाते. हर्टफर्डशरमधील नॉर्थ रोड क्लबची ‘हार्डरायडर्स’ ही अशाच परंपरेतील स्पर्धा होय.

याहून लक्षणीय प्रथा मर्यादित गिअरच्या स्पर्धांची आहे. ब्रिटिश सायकलस्वार गिअर इंचांत मोजतात, आणि ती पद्धत उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलींपासून आली आहे: ७२ इंचांचा गिअर म्हणजे ७२ इंच व्यासाचे चाक थेट पायांनी फिरवल्यासारखी चाल. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १८ दाते आणि २७ इंचांचे चाक असेल तर नेमका हा गिअर मिळतो, आणि पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेसहा मीटर पुढे जाते. ‘मीडियम गिअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत यापेक्षा जड गिअर वापरता येत नाही. अशा सायकलीवर २५ मैल एक तास पाच मिनिटांत संपवायचे, तर मिनिटाला सुमारे १०८ फेरे सतत मारावे लागतात, उतारावरही विसावा मिळत नाही, आणि मागचे चाक स्थिर असेल, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहणार असेल, तर पाय थांबवताच येत नाहीत. हिवाळाभर स्थिर चाकाच्या, मडगार्ड लावलेल्या सायकलीवर क्लबच्या सहली करणाऱ्याला ही स्पर्धा अनुकूल ठरते, महागडी सायकल निरुपयोगी होते, आणि दमदार पण धसमुसळ्या स्वारापेक्षा सफाईने पाय फिरवणारा पुढे जातो. खेळाच्या साऱ्या नियमांत इतका न्याय्य नियम क्वचितच सापडेल.

स्पर्धेची व्यवस्थाही सदस्यांच्याच हातांत असते. एखाद्या गावच्या सभागृहात नावनोंदणी होते, पाठीवर क्रमांक लावले जातात, सुरुवातीला एक सदस्य सायकल मागून धरतो, दुसरा सेकंद मोजतो, वळणावळणांवर पिवळे जाकीट घालून बाकीचे तासन्‌तास उभे राहतात, आणि परतल्यावर चहा व केक मिळतो. वेगवान स्पर्धकांना १०, २०, ३० असे शून्याने संपणारे क्रमांक देतात, म्हणजे ते एकमेकांच्या जवळ येत नाहीत. विजेत्याच्या बक्षिसाबरोबर हँडिकॅपचेही बक्षीस असते, ज्यात प्रत्येकाच्या पूर्वीच्या वेळांवरून सूट देऊन सर्वांना एका मापात आणले जाते. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी वयानुसार ‘प्रमाणवेळ’ ठरलेली असते आणि सत्तरीतला स्वार ती वेळ किती मिनिटांनी मोडतो यावर त्याची गणना होते.

सामूहिक शर्यतीची ओढ मात्र दाबली गेली नाही. वुल्व्हरहॅम्पटनचे पर्सी स्टॅलर्ड यांनी जून १९४२ मध्ये लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्पटन अशी ५९ मैलांची शर्यत खुल्या रस्त्यावर भरवली आणि त्याच वर्षी ‘ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स’ उभी राहिली. नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनने या लीगच्या सदस्यांना निलंबित केले, क्लब फुटले, मित्र दुरावले, आणि १९५९ मध्ये दोन्ही संस्थांचे विलीनीकरण झाल्यावरच हा वाद शमला. स्टॅलर्ड यांची बाजू बरोबर होती, कारण युरोपीय खंडावरील शर्यतींत ब्रिटिश स्वार दोन पिढ्या मागे राहिले ते या बंदीमुळेच. टूर द फ्रान्स पूर्ण करणारा पहिला ब्रिटन, ब्रायन रॉबिन्सन, १९५५ मध्ये उगवला. आज एकच क्लबसदस्य जानेवारीत ठरावीक वेळेत ठरावीक अंतर काटण्याच्या ‘रिलायबिलिटी’ फेरीत जातो आणि मार्चमध्ये शनिवारी जथ्याच्या शर्यतीत, रविवारी टाइम ट्रायलमध्ये उतरतो. जथ्यात गुण मिळवून चौथ्या वर्गातून तिसऱ्यात जाता येते आणि तेथे डावपेच, धाडस व दुसऱ्याच्या मागे राहण्याचे कौशल्य कामी येते. पण दुबळा स्वार पहिल्याच चढावर मागे पडतो आणि त्याची सकाळ तिथेच संपते. टाइम ट्रायलमध्ये शेवटच्या क्रमांकावरील स्वारालाही पहिल्याइतकाच रस्ता आणि तेच घड्याळ मिळते.

या समानतेचा सर्वांत मोठा पुरावा बेरिल बर्टन यांचा आहे. यॉर्कशरमधील मॉर्ली क्लबच्या, रुबार्बच्या शेतात काम करणाऱ्या बर्टन आयुष्यभर हौशीच राहिल्या, आणि १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे ब्रिटनमधील सर्वोत्तम अष्टपैलू महिला स्वार ठरल्या. सप्टेंबर १९६७ मध्ये बारा तासांच्या स्पर्धेत महिलांना पुरुषांच्या मागून सोडण्यात आले होते. एकामागून एक पुरुष मागे टाकत त्यांनी अखेर माइक मॅकनमारा यांना गाठले, जे स्वतः त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करत होते, आणि पुढे जाताना त्यांच्या हाती ज्येष्ठमधाची एक गोळी ठेवली. मॅकनमारा यांचे अंतर २७६.५२ मैल भरले, बर्टन यांचे २७७.२५. पुरुषांना तो आकडा ओलांडायला १९६९ साल उजाडावे लागले, आणि महिलांमध्ये तो २०१७ पर्यंत अबाधित राहिला.